जुनी डिझेल व्हॅन : चढावर काळा धूर, घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात राहतो. घरच्या आठ माणसांना घेऊन चिखलदरा, लोणार, पचमढी करता यावं म्हणून २०१४ ची दहा सीटर डिझेल व्हॅन पाहिली आहे. पांढरी पाटी, एकच मालक, १ लाख ८० हजार किलोमीटर, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेलं इंजिन.

सपाट रस्त्यावर छान ओढते. पण आठ जण बसवून चढावर नेली की तिसऱ्या गिअरमध्ये दमते आणि काळा धूर सोडते. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर माझ्यासमोर बदलले, फरक नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून पाहिलं, वाफेचा जोर नाही. निळा धूर नाही, पाणीही कमी होत नाही. टर्बोचे पाइप मिस्तरीनं नुसते पाहिले, दाब मोजला नाही.

नोंदणी २०२९ पर्यंतच, त्यामुळे इंजिन उतरवणं परवडणार नाही. हातात ६० हजार आहेत, त्यातच टायर आणि मागचा एसी बसवायचा आहे. सीट आहेत तशाच ठेवणार. म्हातारी आई सोबत असेल, घाटात गाडी बंद पडायला नको.

इसार देण्याआधी कोणती तपासणी केली म्हणजे दोष इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), टर्बोचा की इंजिनचा हे नक्की कळेल? आणि वर्धा-अमरावतीकडे इंजेक्टर काढून बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) तपासणारा भरवशाचा मिस्तरी कुठे मिळेल?