आक्षेप विषाणूला नव्हता, आदेशांना होता

कोविडच्या निर्बंधांना विरोध करणारे अमेरिकी परंपरावादी सरसकट विज्ञानविरोधी होते, हे मत मला पटत नाही. तसे काही जण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मूळ आक्षेप विधिमंडळाला बाजूला सारून निघणाऱ्या आदेशांना होता. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या आदेशानुसार सर्वाधिक संसर्गाच्या 'लाल' विभागात प्रार्थनास्थळी एका वेळी फक्त १० आणि त्याखालोखालच्या 'नारिंगी' विभागात २५ जणांना परवानगी होती, मग ते चर्च हजार जणांचे का असेना. त्याच लाल विभागातील 'अत्यावश्यक' व्यवसायांना मात्र माणसे मोजण्याचे बंधन नव्हते आणि त्या यादीत ॲक्युपंक्चरची केंद्रेही होती. (सुया टोचून घेणे प्रार्थनेपेक्षा निकडीचे कसे, हे मला आजतागायत उमगलेले नाही.) २५ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या मर्यादांची अंमलबजावणी रोखली.

हाच निकष आपल्या परंपरावादी गोटातले मानले जाणारे हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनाही लावावा लागतो. ३० मार्च २०२० रोजी हंगेरीच्या संसदेने त्यांना वटहुकुमाने कारभार करण्याचे अधिकार दिले, तेही कायद्यात अंतिम तारीख न घालता. जूनमध्ये ती व्यवस्था मागे घेतली गेली खरी, परंतु ती सरकारच्या मर्जीने. ब्रिटनच्या त्याच महिन्यातल्या कोविड कायद्यात निदान दोन वर्षांची मुदत लिहिलेली होती.