मिशन शक्ती आणि चीन-रशियाने पाडलेले उपग्रह, फरक नक्की काय?

सह्यवेडा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. २७ मार्च २०१९ ला पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन मिशन शक्ती सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आपलाच उपग्रह आपण मिसाईलने उडवून दाखवला. पण २०२१ ला रशियाने तेच केलं तर सगळे चिडले आणि चीनच्या २००७ च्या टेस्टला तर अजून नावं ठेवतात. मग आपलं ते बरोबर कसं? भांडण नको, समजून घ्यायचंय.

खगोलकट्टा:
मेन फरक उंचीचा आहे. चीनने फेंगयुन-१सी हा जुना हवामान उपग्रह साधारण ८६५ किमीवर फोडला, तिथे हवा जवळपास नाहीच मग तुकड्यांचा वेग कमी होणार कसा, ते कित्येक दशकं तसेच गरगरत राहणार आणि दुसऱ्या उपग्रहांना धडकायचा धोका. रडारवर पकडता येतील असेच ३००० च्या वर झाले, बारीक चुरा वेगळाच. आपला मायक्रोसॅट-आर ३०० किमीच्या आसपास होता, तिथली विरळ हवा वेग खाते आणि तुकडे खाली येऊन जळतात. तरी आपण अगदी धुतल्या तांदळासारखे नाही, धडकेत काही तुकडे वरही उडाले आणि ४५ दिवसात सगळं खाली येईल असं सांगितलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त टिकले.

मृण्मयी_ठाणे:
रशियाचं मला जास्त लागलं कारण त्यांनी फोडलेला त्यांचाच जुना उपग्रह कॉसमॉस-१४०८ स्पेस स्टेशनपेक्षा थोडाच वर होता. १५०० हून जास्त तुकडे, आणि स्टेशनवरच्या सातही जणांना आपापल्या यानात जाऊन बसावं लागलं, वेळ आली तर निघता यावं म्हणून. त्यात दोन रशियनच होते!! आणि आपला भारतीय वंशाचा अंतराळवीर राजा चारी तर चारच दिवसांपूर्वी तिथे पोचला होता. स्वतःची माणसं वर असताना हे करवतं कसं?

सह्यवेडा:
@मृण्मयीताई हे माहीतच नव्हतं. पण मग याला कायदा काहीच नाही का?

जुनाजाणता:
१९६७ चा अंतराळ करार आहे ना, पण त्यात अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे, जमिनीवरून मिसाईल मारून उपग्रह पाडण्याबद्दल काही नाही. डिसेंबर २०२२ ला युनोत अशा टेस्ट थांबवायचा ठराव आला, १५५ देश बाजूने, चीन-रशिया विरोधात, भारत तटस्थ. त्याच्या आधी एप्रिलमधे अमेरिकेने आपण आता करणार नाही असं जाहीर केलं होतं, पण १९८५ आणि २००८ ला उपग्रह पाडून झाल्यावर.
आपण टेस्ट का केली ते मला पटतं. अण्वस्त्र प्रसारबंदीचा जो वेगळा करार आहे (एनपीटी) त्यात १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केले तेच अधिकृत अण्वस्त्रधारी ठरले आणि १९७४ चं पोखरण उशिराचं म्हणून आपण कायमचे बाहेर, उद्या उपग्रह पाडण्यावर बंदी आली तर तीच गत इथे व्हायला नको होती. पण आता आपल्याला हे जमतं ते सिद्ध झालंय, उद्या गगनयानातून आपली पोरं वर जाणार, तेव्हा तटस्थ न राहता ठरावाच्या बाजूने मत द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.