मदत हवी आहे: आजीचं जन्मसाल कुठे सापडेल? (यवतमाळ जिल्हा)

सलाम सर्वांना. आमची आजी गेल्या महिन्यात प्रभूकडे गेली. ईस्टरआधी कबरीवर दगड बसवायचा आहे, आणि त्यावर चुकीचं साल कोरायला मन धजत नाही.

आधारवर 1 जानेवारी 1938 आहे, पण ते अंदाजे टाकलेलं. ती नेहमी सांगायची, "गांधीजी गेले तवा माह्या लग्नाले साल झालतं." म्हणजे लग्न 1947 च्या सुमारास, तेव्हा ती नऊ वर्षांची नक्कीच नव्हती. कापूस वेचणीच्या दिवसांतही रविवारची उपासना न चुकवणारी ही बाई शाळेत मात्र कधी गेली नाही, त्यामुळे दाखला नाही. आमच्या मंडळीचं (चर्चचं) बाप्तिस्म्याचं रजिस्टर 1958 पासूनचंच आहे, त्याआधीचं वाळवीनं खाल्लं.

तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढली. पणजोबांच्या नावापुढे 1929 आणि 1932 अशा दोन नोंदी आहेत, दोन्हीकडे नुसतं "मुलगी". एक बहीण लहानपणीच वारली, पण ती आजीहून मोठी की धाकटी हे सांगणारं आता कोणी उरलं नाही. त्या बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीतही वय नाही.

स्वातंत्र्यापूर्वी मिशनकडे असलेल्या बाप्तिस्मा रजिस्टरांच्या प्रती नागपूरला किंवा परदेशात कुठे जपल्या आहेत का? कोणी तिथून नोंद मिळवली असेल, तर अर्ज कुणाच्या नावे आणि कोणत्या कागदांसह केला?