पहिली भेंडी कधी तोडलीत? उन्हाळी भाजीचे तुमचे अनुभव लिहा

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, असं आजी म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती भेंडी टोकायची. पुण्यात गच्चीवर भाजी लावायला लागून मला 9 वर्षं झाली, पण मुहूर्त तिचाच पाळते. आदल्या रात्री बी भिजत घालायचं, सकाळी बुडाला बसलेलं घ्यायचं, तरंगणारं टाकायचं आणि बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल टोकायचं. पाच-सहा दिवसांनी माती बारीक तडकते आणि त्या भेगेतून वाकलेली फिकट मान दिसते. दुपारपर्यंत ती ताठ होते, डोक्यावर बियाची टरफलं तशीच असतात. ती मी कधीच हाताने काढत नाही, दोन्ही दलं मोडून येतात.

45 ते 50 दिवसांनी, म्हणजे हनुमान जयंतीच्या सुमाराला पहिली भेंडी निघते. गेल्या वर्षी पहिल्या तोड्याला चार निघाल्या. घरात माणसं पाच. चिरून कढीत सोडल्या, प्रत्येकाच्या वाटीत दोन-तीन चकत्या आल्या. त्यानंतर मात्र दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस राहिली की जून होते आणि झाडही बी धरण्याच्या मागे लागून नवीन फुलं कमी काढतं.

माझं ठाम मत झालंय की उन्हाळी लागवडीत पंधरा दिवसांचा उशीर सगळ्यात महाग पडतो. रोपाची मुळं खोल गेल्यावर ऊन आलं तर ते तग धरतं, कोवळेपणी आलं तर होरपळतं. तुम्ही काय लावता, कधी लावता, पहिलं काय हाती लागलं? फसलेलंही लिहा, त्यातून जास्त कळतं.

कुडाळजवळच्या गावातून

आमच्याकडे परसातलं माळवं भातकापणीनंतरच सुरू होतं, विहिरीजवळच्या कुणग्यात. पण तांबड्या माठाचा शेवटचा वाफा आम्ही फेब्रुवारीत मुद्दाम पेरतो. माठाचं बी मोहरीहून बारीक, नुसतं फेकलं तर एका जागी ढीग पडतो, म्हणून वाळूत मिसळून पेरायचं. वाफ्याच्या कडेने चुलीतली राख टाकायची, नाहीतर मुंग्या बी ओढून नेतात.

आमचं पहिलं पीक म्हणजे विरळणी. पंधरा-अठरा दिवसांत रोपं बोटभर झाली की दाटी मोडायला लागते. लग्न होऊन आले तेव्हा मी ती उपटलेली रोपं बांधावर टाकत होते. सासूबाई धावत आल्या, "टाकतंस काय गो, हीच तर भाजी!" मुळं खुडली, तीन पाण्यांतून धुतली, कांदा, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं. भाताला लाल रंग चढतो. महिन्याच्या जुड्यांना ती चव नाही.

सध्या खरा त्रास माकडांचा. वांगी नि मिरची अजून हाती लागते, चवळीच्या शेंगा मात्र ती आमच्या आधी नेतात. कोणाकडे उपाय असेल तर जरूर लिहा.

नागपूर

पंधरा दिवसांचा उशीर हे अगदी पटलं. पहिल्या वर्षी मी मार्चअखेरीस टोमॅटो आणि काकडी लावली. टोमॅटोला फुलं भरपूर आली आणि एप्रिलच्या झळांनी सगळी गळून पडली, एक फळ धरलं नाही. काकड्या धरल्या त्या कडू. काकडी उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणाने कडू होते, हे तेव्हा माहीत नव्हतं. एक दिवस बादलीभर पाणी, दोन दिवस काहीच नाही, असं माझं चाललं होतं.

आता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकडीचं बी टाकतो आणि वाफ्यात मडकं पुरतो. आतबाहेर रंग न लावलेलं साधं मडकं, गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकण, नाहीतर डास होतात. चार बाजूंना चार वेल. दोन-तीन दिवसांनी मडकं भरायचं, ते पाझरत राहतं आणि वेल लागेल तसं ओढून घेतात. गेल्या मे महिन्यात मडकं उकरून काढलं तेव्हा त्याच्या पोटाला पांढऱ्या मुळांची जाळी अशी घट्ट बसली होती की नखाने सोलून काढावी लागली. पहिली काकडी 17 मार्चला तोडली, आणि आईने मीठसुद्धा लावू दिलं नाही.

डोंबिवली, तिसरा मजला

खिडकीची ग्रिल एवढीच जागा, सकाळचं तीन तास ऊन. मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरट टबात पेरते, बाराव्या दिवशी कात्रीने कापते. समुद्रमेथीच्या जुडीएवढी होते. एवढंच पिकतं, पण घरचं आहे.

न्यू जर्सी

इथे महाशिवरात्रीला बर्फ असतो. मिरची-टोमॅटोचं बी मार्चमध्ये तळघरात दिव्यांखाली रुजवते. मेच्या सुरुवातीला रोपं रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून वारा-उन्हाची सवय करायची. 2 वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात 3 दिवस छान ऊब होती म्हणून मी टोमॅटोची 14 रोपं जमिनीत लावून टाकली. एका रात्री दहिवर गोठलं. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि लिबलिबीत. नवऱ्याने न बोलता चहा करून आणला. आता मेच्या मध्यापर्यंत हात आवरते, आणि भेंडी तर मेमोरियल डेनंतरच, म्हणजे मेचा शेवटचा सोमवार उलटल्यावरच टोकते. थंड मातीत तिचं बी कुजतं.

पण मुळा थंडीला घाबरत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरला की महिन्यात निघतो. आमचं वर्षातलं पहिलं घरचं जेवण म्हणजे मूगडाळ घालून पाल्याची भाजी आणि भाकरी. लेकीला मुळा आवडत नाही, पण उपटायला तीच लागते.

परभणी

भेंडी लावणाऱ्यांनी हळद्यावर लक्ष ठेवा. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, शेवटी भेंडीसुद्धा पिवळट. विषाणू पसरवते पांढरी माशी, आणि ऊन वाढलं की ती वाढते. असं झाड बरं होत नाही. दिसताक्षणी उपटा, जीव तुटला तरी. आमच्या विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात या रोगाला बऱ्यापैकी टिकायची, म्हणूनच घरोघरी गेली. माशीसाठी 50 ग्रॅम लिंबोळीची पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगाला फवारतो.

आणि बी तपासल्याशिवाय पेरू नका. एका दुकानातून आणलेलं गवारीचं पाकीट दोन वाफ्यांत पेरलं, तीन रोपं उगवली. हंगाम गेला तो गेला. तेव्हापासून दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. सातांना तरी मोड आले तरच बाकीच्या मातीत.

सातारा

दोडक्याला फुलं येतात नि गळतात म्हणून वेल उपटणारे पाहिलेत. उपटू नका. आधी नरफुलंच येतात, घोसात. मादीफुलाच्या मागे करंगळीएवढा इवला दोडका असतो, तो दिसेपर्यंत थांबा. आमच्या गच्चीवर मधमाश्या कमीच, आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे पाचच्या पुढे मी नरफूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादीफुलावर हलकेच फिरवते. धरलं की तीन दिवसांत फरक दिसतो, नाही धरलं तर टोक पिवळं पडतं. लगेच कागदी पिशवी चढवते, फळमाशी कोवळ्या फळातच अंडी घालते.

परवा पहिला दोडका निघाला. भाजी केली आणि शिरा फेकवेनात, म्हणून त्याच तव्यावर तीळ घालून चटणीही केली.

डोंबिवली, तिसरा मजला

सातारच्या ताई, दोडका ग्रिलवर चढेल का? एक बी टबात टाकलंय. आज चौथा दिवस.