'बाधित' म्हणजे बाधा झालेला?

उदगीरकर: गावातल्या बायकांसाठी एचआयव्हीचं पत्रक मराठीत करतोय. परवा बैठकीत 'एचआयव्हीबाधित' असं वाचलं, तर मागं बसलेली एक आजी शेजारणीला म्हणाली, "बाधा झाली म्हणं. मग देवरुशाकडं न्यावं की!" माझं वाचणंच थांबलं. 'बाधित'ऐवजी काय लिहावं? आणि 'रोगप्रतिकारशक्ती'चं काय करू?

गोदाकाठ: विषबाधा झाल्यावर कुणी देवरुशी शोधत नाही, दवाखाना गाठतात. संस्कृत 'बाध्' म्हणजे त्रास देणे, अडवणे. शब्द निर्दोष आहे. अर्थ समजावा, शब्द का टाकता?

समुपदेशक, परभणी: समोर रडणाऱ्या माणसाला धातू कसा समजावू? 'रुग्ण'ही मला पटत नाही. गोळ्या न चुकवता कापूस वेचणारी बाई रुग्ण कशी? आणि 'एड्स झाला' तर म्हणूच नका. एचआयव्ही हा विषाणू. सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका घनमिलीमीटरमागे 200 च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. 2004 पासून सरकारी दवाखान्यात एआरटी (विषाणूला रोखणारी औषधं) मोफत मिळतेय. वेळेत सुरू केली तर बहुतेकांना ती पायरी येतच नाही. मी 'अंगात एचआयव्ही आहे' म्हणते.

उदगीरकर: ताई, 'अंगात' म्हटलं तरी देवीच आठवती!

समुपदेशक, परभणी: खरंय, हे लक्षातच आलं नव्हतं. 'रक्तात' म्हणा.

जिंतूरचा रानकरी: प्रतिकारशक्तीला 'ताकद' लिहू नका, लोक टॉनिकच्या बाटल्या आणतात. माझे वडील ज्वारीच्या दिवसांत रात्रभर जागलीला असायचे. रानडुकराचा आवाज आला की हाक द्यायचे, मग चार शेतांतली माणसं धावायची. सीडी४ पेशी हे हाक देणारे जागले. विषाणू त्यांच्यातच शिरतो, तिथंच वाढतो, त्यांना संपवतो. हाकच बंद पडली की टीबीसारखे आजार बिनधास्त घुसतात.

गोदाकाठ: आरोग्याच्या पत्रकात 'जागल्या'? शास्त्रीय परिभाषा मग कुणी जपायची? 'लागण' चालेल, रूढ आहे.

जिंतूरचा रानकरी: 'लागण' आणि 'लागीर' दोन्ही 'लागणे'तूनच आले. बाधा टाळून लागीर घेणार का? शिवाय आमच्याकडं लागण उसाची.

वसमतची माहेरवाशीण: आमच्याकडं हळदीची लावणीच म्हणतात, लागण नाही.

गोदाकाठ: लावणी भाताची!

उदगीरकर: पत्रक सोमवारी छापायला द्यायचंय. 'रक्तात एचआयव्ही असलेली व्यक्ती' लांबतंय का?