पंखे बदलण्याआधी व्होल्टेज बघा

ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांचा आवाज कसा कमी करायचा, या प्रश्नावर वॉटर कूलिंगचा, म्हणजे पंपाने पाणी फिरवून कार्ड थंड ठेवण्याचा, सल्ला आलाय. हरकत नाही, पण पंपही आवाज करतोच. मुळात उष्णता कमी निर्माण झाली तर?

अंडरव्होल्ट करून, म्हणजे कार्डाच्या चिपला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवून बघा. चिपचा वीजखप साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आलात, तर त्याच क्लॉकला (चिपच्या वेगाला) खप १८ टक्क्यांच्या आसपास घटतो आणि गेममधल्या दर सेकंदाच्या फ्रेम्स जवळपास तेवढ्याच राहतात. प्रत्येक चिपला हे झेपेलच असं नाही. गेम क्रॅश झाला तर व्होल्टेज थोडं वाढवायचं.

मग फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल याची सेटिंग. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे ६० अंशांचा हट्ट सोडा, ७५ अंश सेल्सिअसला कार्डाला काही होत नाही. हिस्टेरेसिस (तापमान किती बदलल्यावर पंख्याने वेग बदलायचा ते) मात्र ३-४ अंश ठेवा, नाहीतर पंखा सारखा चालू-बंद होतो. एकसुरी घरघर परवडली, पण ते नको!

मूळ पंखे काढून १२० मिमीचे बांधणं भारी चालतं, पण वॉरंटीचं बघून घ्या. आणि आवाज बारीक, किरकिरा असेल तर तो कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा. त्याला फ्रेम लिमिट लावा, पंख्यांचा काही संबंध नाही.