पाचिंकोला जुगार म्हणायचं की नाही?

नागोयाकर
जपानमध्ये, नागोयात सहा वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या आधीच स्टेशनजवळच्या पाचिंको हॉलबाहेर रांग लागलेली असते. दार उघडलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज रस्त्यावर येतो. आत ओळीने यंत्रं, काचेमागे खिळ्यांचं रान आणि त्यातून ठेचकाळत खाली येणाऱ्या ११ मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या. गोळी नेमक्या भोकात पडली की आणखी गोळ्या मिळतात.

जपानच्या दंडसंहितेत जुगार हा गुन्हा आहे. पाचिंको मात्र कायद्याच्या लेखी करमणूक, कारण हॉल रोख पैसे देत नाही. जिंकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात प्लास्टिकच्या डबीतला सोन्याचा इवलासा तुकडा मिळतो. तो घेऊन बाहेर पडायचं, गल्लीत वळायचं. तिथे एक बुटकी खिडकी असते. तुकडा आत सरकवला की नोटा बाहेर! खिडकीवाला तो तुकडा घाऊक व्यापाऱ्याला विकतो, व्यापारी पुन्हा हॉलला. तिघांचा म्हणे एकमेकांशी काही संबंध नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, इथे पोलीसही डोळे मिटून बसलेत.

ओसाकाच्या युमेशिमा बेटावर २०३० मध्ये कॅसिनो येऊ घातलाय. तिथे जपानमध्ये राहणाऱ्यांना दर खेपेला ६००० येन प्रवेशशुल्क, आठवड्यातून तीनदाच आत जायची मुभा. पाचिंकोला यातलं काहीच नाही, कारण तो 'जुगार नाही'. माझा राग त्या शब्दावर आहे.

उगाच_एक
असहमत. ही पळवाट नुसती लबाडी म्हणून जन्मली नाही. युद्धानंतर बक्षिसं विकत घेऊन रोकड देणारे दलाल म्हणजे याकुझा, इथल्या गुंडांच्या टोळ्या होत्या. १९६१ मध्ये ओसाकात ही तीन दुकानांची पद्धत बसवली ती त्यांना हुसकावण्यासाठी, आणि खिडकीवरचं काम युद्धविधवांना मिळावं म्हणून. आपल्याकडे मटका सरळ बंद केला. बंद झाला का? आणि गोव्यात जमिनीवर पत्त्यांचा कॅसिनो चालत नाही, मांडवीत तरंगणाऱ्या बोटीवर चालतो. त्यावर कोणी धागा काढत नाही.

नागोयाकर
मांडवीवरही काढू, दम धरा. पण बोटीला निदान कॅसिनो म्हणतात ना? हिशेब बघा. एक गोळी ४ येनला. यंत्राला मिनिटाला १०० गोळ्यांची कमाल मर्यादा. म्हणजे नशीब रुसलं तर मिनिटाला ४०० येन, हजाराची नोट अडीच मिनिटांत साफ. पूर्वी खटका बोटाने मारायचा, त्यात हाताचं कसब तरी होतं. आता यंत्राची मूठ धरून बसायचं, बाकी सगळं मोटर करते.

मेधा_योकोहामा
तुम्ही दोघं पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण भांडताय. १९९५ च्या सुमारास देशभर अठरा हजारांवर हॉल होते, आता सात हजारांच्या आसपास. तरुण मुलं फोनवर खेळतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज जातात, तेही एका येनच्या गोळीवाल्या यंत्रांवर. घरी बोलायला कोणी नाही. तिथे उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, शेजारच्या खुर्चीवर ओळखीचा चेहरा. एप्रिल २०२० पासून आत सिगारेट बंद झाली, तेव्हा त्यांना जुगार सुटल्यापेक्षा जास्त दुःख झालं! त्यांना ६००० येन प्रवेशशुल्क लावणार का?

तिरकस
आजोबा गोड आहेत, मान्य. पण २०१७ च्या सरकारी पाहणीत आयुष्यात कधीतरी जुगाराच्या व्यसनाची शंका घेण्याजोगी माणसं ३.६ टक्के निघाली, म्हणजे अंदाजे ३२ लाख, आणि त्यांचा सर्वाधिक पैसा गेला तो पाचिंको आणि पाचिस्लॉटमध्येच (त्याच हॉलांमधली स्लॉट यंत्रं). कडक उन्हात बंद गाडीत मूल ठेवून आईबाप आत खेळत बसले आणि मूल दगावलं, अशा बातम्या इथे येऊन गेल्यात. त्याला करमणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उगाच_एक
मूल गाडीत ठेवणारा माणूस जुगार शब्द वाचून थांबला असता, असं वाटतं तुला?

अनामिका_ओ
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. या धंद्यात कोरियन वंशाच्या मालकांचं प्रमाण मोठं आहे. युद्धानंतर त्यांना चांगल्या नोकऱ्यांची दारं बंद होती, म्हणून ते ज्या धंद्याकडे प्रतिष्ठित लोक नाक मुरडत त्यात शिरले. जपानी इंटरनेटवर 'पाचिंको हटवा' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात अनेकदा 'कोरियनांना हटवा' दडलेलं असतं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात बंद न ठेवलेल्या हॉलांची नावं ओसाकाच्या राज्यपालांनी जाहीर केली, तेव्हाही नेटवर तो सूर लागलाच. नियम कडक करा, माझी ना नाही. फक्त आपण कोणाच्या सुरात सूर मिसळतोय ते बघा.

नागोयाकर
हे पटलं. मूळ लिखाणात यायला हवं होतं, माझी चूक. पण ६००० येनचा मुद्दा सोडत नाही. मेधाताई, आजोबांना फुकट जाऊ द्या, ४ येनवाल्यांना लावा.

तिरकस
एवढी खिडकीची माहिती कशी हो तुम्हाला? स्वतः खेळलात का?

नागोयाकर
एकदा. मित्राच्या आग्रहाने बसलो आणि नेमका जिंकलो. हातात ती डबी. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, पैसे कुठे मिळतात? ती गोड हसली आणि म्हणाली, "आम्हाला माहीत नाही." त्यांनी सांगायचंच नसतं. बाहेर येऊन बावळटासारखा उभा राहिलो. सायकलला कुलूप लावणाऱ्या एका आजींनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता हनुवटीने गल्ली दाखवली.